हॅमर ड्रिल, ग्राइंडर आणि घरकामातली विजेची यंत्रं: सुरक्षित वापराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यंत्र विकत घेणारे, भाड्याने नेणारे आणि दुरुस्तीला आणणारे लोक हे प्रश्न नेहमी विचारतात. पडदा, टीव्ही किंवा गणपतीच्या मखराचा हुक लावणारा घरातला माणूस आणि याच कामावर पोट असणारा मिस्त्री, दोघांसाठी ही उत्तरं आहेत. बहुतेक उत्तरं एकाच मुद्द्यावर येऊन थांबतात: भिंतीच्या आत काय आहे, यंत्र कुठे अडकेल आणि अडकलं तर कोणत्या बाजूला उसळेल, हे बटण दाबण्याआधी ठाऊक हवं. बटण दाबल्यावर विचार करायला वेळ मिळत नाही.

साधा ड्रिल, हॅमर ड्रिल आणि रोटरी हॅमर यांत फरक काय? माझ्या घराला कोणता लागेल?

साध्या ड्रिलचा बिट, म्हणजे पुढची भोक पाडणारी कांडी, नुसता फिरतो. हॅमर ड्रिलमध्ये दातेरी चकत्यांची जोडी एकमेकींवरून घसरत फिरते, त्यामुळे बिट फिरता फिरता मिनिटाला हजारो बारीक ठोके मारतो. ठोका मात्र हलका असतो, त्याला जोर तुमच्या हाताच्या दाबातून मिळतो. रोटरी हॅमरचं काम वेगळं. आतला पिस्टन हवा दाबतो आणि त्या हवेच्या जोरावर घण बिटावर आदळतो, त्यामुळे माणसाला अंगाचा भार टाकावा लागत नाही. त्याच्या बिटाची शेपटी खाचांची असते. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या एसडीएस-प्लस बिटाची शेपटी १० मिलिमीटर जाडीची असते आणि ती साध्या चकमध्ये, म्हणजे बिट धरणाऱ्या जबड्यात, घट्ट बसत नाही. ती तशी बसवायचा प्रयत्नही करू नका.

विटांच्या भिंतीत ६ ते १० मिलिमीटरची भोकं पाडायची असतील तर १३ मिलिमीटर चकचा, ५०० ते ६५० वॉटचा हॅमर ड्रिल पुरतो. पण मुंबई-पुण्याकडच्या बऱ्याच नव्या टॉवरमध्ये ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, ज्यांना सगळे ‘मायवान’ म्हणतात तशा, पूर्ण काँक्रीटच्या भिंती असतात. तिथे हॅमर ड्रिल पुढे सरकत नाही. मग माणूस छातीचा भार टाकतो, बिट लाल होतो आणि निसटतो. अपघात नेमका तिथे होतो. अशा घरात एक दिवसासाठी रोटरी हॅमर भाड्याने आणणं शहाणपणाचं.

उलट एएसी ब्लॉकची, म्हणजे सिपोरेक्सची भिंत असेल तर हॅमर बंद ठेवा. ठोक्यांनी भोक सैल होतं आणि वजन पडलं की भोकात स्क्रू धरणारा रावल प्लग भुकटीसकट बाहेर येतो. कोकणातल्या चिऱ्याचंही तसंच. जांभा एका जागी मऊ तर वीतभर अंतरावर टणक लागतो, मध्येच पोकळी येते आणि बिट एकदम आत शिरतो. आधी हॅमरशिवाय, हलक्या हाताने सुरुवात करा आणि प्लग लांब घ्या. जुन्या वाड्यातल्या दगड-मातीच्या भिंतीत सांध्यात भोक पाडू नका, सांध्यातली माती प्लग धरत नाही.

भिंतीत वायर किंवा पाइप आहे हे कसं ओळखायचं?

पहिला नियम: स्विचबोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि दोन बोर्डांना जोडणाऱ्या आडव्या रेषेत भोक पाडायचं नाही. दोन्ही बाजूंना निदान वीतभर जागा सोडा. कन्सील वायरिंगच्या नळ्या बहुधा छताकडून बोर्डाकडे उभ्या उतरतात. बहुधा म्हणण्याचं कारण असं की नूतनीकरण केलेल्या फ्लॅटमध्ये वायर वाचवायला तिरकी खाच मारलेलीही सापडते. घराचं काम चालू असताना, प्लास्टर होण्याआधी, प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढून ठेवा. ते फोटो पुढची वीस वर्षं उपयोगी पडतात.

बाथरूमच्या भिंतीत गीझर, मिक्सर आणि नळ यांना जोडणाऱ्या उभ्या-आडव्या रेषा टाळायच्या हे लोकांना माहीत असतं. विसरायला होतं ते त्या भिंतीच्या मागच्या बाजूला. बेडरूममध्ये कपाट किंवा टीव्ही लावताना पलीकडे बाथरूम आहे का, हे आधी बघा. चार इंची भिंतीत पाइप दोन्हीकडून जवळच असतो.

वायर शोधणारं उपकरण जरूर वापरा, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नका. ओल्या भिंतीवर ते सगळीकडेच वाजतं आणि प्लास्टिकचा पाइप साध्या उपकरणाला सापडत नाही. शंका असेल तर त्या खोलीचे एमसीबी खाली करा आणि बॅटरीवरचा ड्रिल वापरा, किंवा दुसऱ्या खोलीतून वीज घ्या. यंत्र नेहमी प्लास्टिकच्या मुठींनीच धरायचं. बिट चालू वायरीत घुसला तर चकसारखा उघडा धातूचा भाग जिवंत होतो.

पाइप फुटलाच तर आधी ट्रिगर सोडा, मग मेन स्विच बंद करा, त्यानंतर पाण्याचा व्हॉल्व्ह. घाबरून हा क्रम उलटा होतो आणि माणूस पाण्यात उभा राहून चालू यंत्राशी झटत बसतो.

स्लॅब, बीम किंवा कॉलममध्ये भोक पाडलेलं चालतं का?

पडद्याच्या किंवा दिव्याच्या स्क्रूपुरतं उथळ भोक साध्या आरसीसी स्लॅबमध्ये चालतं. पण सळईवर काँक्रीटचं कवच किती असतं ते लक्षात घ्या. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार सौम्य हवामानात ते २० मिलिमीटर आणि कॉलमला साधारण ४० मिलिमीटर असतं. म्हणजे ४० मिलिमीटरच्या भोकात सळई लागू शकते. बिट एकाएकी थांबला, आवाज खणखणीत झाला किंवा भुकटीत चकचकीत कण दिसले की तिथेच थांबा, भोक दोन-तीन इंच बाजूला घ्या. सळई कापून पुढे जायचं नाही.

छतात आणखी एक धोका असतो. स्लॅबमधल्या वायरिंगच्या नळ्या काँक्रीट ओतण्याआधी जवळच्या वाटेने टाकतात, म्हणून त्या पंख्याच्या डब्यापासून भिंतीकडे तिरक्या जातात. छतावर भिंतीचा नियम चालत नाही.

ताणलेल्या तारांचा, म्हणजे पोस्ट-टेन्शन स्लॅब असेल तर सोसायटीकडून किंवा बांधकाम करणाऱ्याकडून नकाशा मिळेपर्यंत छताला हात लावू नका. आणि मायवानच्या भिंतीत एसीच्या पाइपसाठी खाच मारणं किंवा मोठं कोअर कटिंग, म्हणजे गोल आरपार भोक, करणं इंजिनिअरला विचारल्याशिवाय होताच कामा नये. ती भिंत इमारतीचं वजन पेलते आहे.

बिट अडकला की अख्खं यंत्र हातातून फिरतं. काय करावं?

बिट सळईत किंवा खडीत अडकतो, पण मोटर थांबत नाही. मग बिटाऐवजी यंत्र फिरतं आणि त्यासोबत मनगट. म्हणून खोक्यात येणारं बाजूचं हँडल लावल्याशिवाय रोटरी हॅमर किंवा मोठा ड्रिल वापरू नका. पाय थोडे फाकवून उभे राहा, कोपर अंगाजवळ ठेवा. शिडीवर असाल तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण मनगट वाचलं तरी तोल जातो. चांगल्या रोटरी हॅमरमध्ये क्लच असतो, तो अडकल्यावर कट-कट आवाज करून सुटतो. तो आवाज आला की ट्रिगर सोडायचा, आणखी दाबायचा नाही.

आणि ट्रिगर लॉक करून भिंतीत भोक पाडू नका. ते बटण यंत्र अडकल्यावर बोट सुटलं तरी मोटर चालूच ठेवतं.

अडकलेला बिट काढायला प्लग काढा, चक सोडवून यंत्र बाजूला करा आणि बिट पान्याने उलटा फिरवा. ट्रिगरचे झटके देऊन काढायचा प्रयत्न केला की गिअर तुटतो. बिट बदलताना प्रत्येक वेळी प्लग काढायचा, बॅटरीचं यंत्र असेल तर बॅटरी काढायची, आणि चकची चावी चकातच विसरायची नाही.

टाइलला भोक पाडताना तडा जाऊ नये म्हणून?

हॅमर बंद, वेग कमी, टाइलचा बिट, खुणेवर मास्किंग टेप. टाइल पार झाल्यावर बिट बदलून मगच मागच्या भिंतीत हॅमर चालू करा. टाइलच्या कडेपासून आणि कोपऱ्यापासून लांब राहा.

यंत्राला दोनच पिनांचा प्लग आहे, अर्थिंग नाही. शॉक बसणार नाही का?

यंत्राच्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण आहे का बघा. असेल तर ते दुहेरी इन्सुलेशनचं आहे, म्हणजे वीज आणि तुमचा हात यांच्यामध्ये दोन स्वतंत्र आवरणं आहेत आणि त्याला अर्थिंगची गरज नसते. पण ही हमी कोरड्या, न फुटलेल्या यंत्राची आहे. बॉडीला तडा गेला असेल, वायरचं वरचं आवरण सोललं असेल किंवा यंत्र भिजलं असेल तर ती संपली. चिकटपट्टी गुंडाळलेली वायर म्हणजे बदलायची राहिलेली वायर.

घरात खरं संरक्षण देतो तो ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी. तो जाणारी आणि परत येणारी वीज यांची सतत तुलना करतो. थोडी वीज तुमच्या अंगातून जमिनीकडे गेली की फरक पडतो आणि आरसीसीबी क्षणार्धात वीज तोडतो. एमसीबीचं काम वायरिंग जळू न देणं हे आहे, माणसाला वाचवायला तो पुरत नाही. जुन्या चाळी आणि इमारतींत फ्यूज-एमसीबी असतात पण आरसीसीबी नसतो. यंत्रावर हजारो रुपये घालण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून तो बसवून घ्या आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबून बघा. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आला तर मात्र आरसीसीबीला फरक कळत नाही, तेव्हा तो आहे म्हणून उघड्या वायरीशी खेळायचं नाही.

बांधकामावर सर्रास दिसणारी एक गोष्ट तळमळीने सांगतो: प्लग तुटला म्हणून वायरीची उघडी टोकं सॉकेटमध्ये काडीने खोचतात. एका नव्या प्लगची किंमत अगदी किरकोळ असते. तो लावल्याशिवाय यंत्र सुरू करू देऊ नका, मग काम तासभर उशिरा झालं तरी चालेल.

एक्स्टेंशनच्या बाबतीत: ६५० वॉटचा ड्रिल जेमतेम ३ ॲम्पियर ओढतो, पण १५०० वॉटचा काँक्रीट फोडायचा ब्रेकर साडेसहाच्या पुढे जातो. मोठ्या यंत्राला टीव्हीसाठीची बारीक वायर चालत नाही, निदान १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची घ्या आणि १६ ॲम्पियरच्या सॉकेटमधून वीज घ्या. चक्रीवर गुंडाळलेली वायर पूर्ण उलगडा, गुंडाळी आतून तापून वितळते. पावसाळ्यात गच्चीवर, ओल्या जमिनीवर काम नको. तातडीचंच असेल तर बॅटरीचं यंत्र वापरा.

ग्राइंडरचा गार्ड अडचणीचा होतो. काढला तर काय बिघडतं?

दुरुस्तीला येणाऱ्या कित्येक ग्राइंडरना, म्हणजे फिरत्या चाकाने कापणाऱ्या-घासणाऱ्या यंत्रांना, गार्ड, म्हणजे चाकावरचं झाकण, नसतो, आणि सगळ्या यंत्रांत मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याचीच.

चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. म्हणजे चाकाच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. चाक फुटलं तर तुकडे त्या वेगाने सुटतात. गार्ड नसेल तर त्यांच्या वाटेत तुमचा चेहरा, गळा आणि पोट असतं. गार्ड नेहमी चाक आणि तुमचं शरीर यांच्या मध्ये यायला हवा. काम बदललं की तो सैल करून फिरवा, काढू नका. चार इंची यंत्राचा गार्ड काढून पाच इंची चाक बसवणं तर सरळ जिवाशी खेळ आहे, कारण मोठ्या चाकाची कडा त्याच फेऱ्यांत आणखी वेगाने धावते.

चाक निवडताना त्यावर छापलेले फेरे यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा जास्त आहेत ना ते बघा. मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीचा महिना आणि वर्ष असतं. राळेने घट्ट केलेली ही चाकं जुनी झाली, दमट जागेत पडून राहिली की ठिसूळ होतात. खाली पडलेलं चाक दिसायला धड असलं तरी फेकून द्या. नवं चाक बसवल्यावर यंत्र बाजूला रोखून मिनिटभर रिकामं फिरवा.

कापायचं पातळ चाक फक्त कापायला. त्याच्या बाजूने घासलं की ते वाकून फुटतं. कापताना कापलेला तुकडा मोकळा पडला पाहिजे. दोन्ही बाजूंनी टेकवलेला पाइप मधोमध कापला तर फट मिटते, चाक चिमटतं आणि यंत्र तुमच्याकडे उसळतं. बटण बंद केल्यावरही चाक काही सेकंद फिरत राहतं, ते थांबेपर्यंत यंत्र खाली ठेवायचं नाही. ठिणग्या कुठे उडताहेत तेही बघा. गादी, थिनरचा डबा, लाकडाचा भुसा आणि गॅसचा सिलिंडर त्या दिशेला नको.

ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पान लावता येतं का?

नाही. दाता लाकडात अडकला की यंत्र मागे फेकलं जातं, आणि ग्राइंडरला लाकडावर टेकवायचा तळही नसतो. ही पानं बाजारात मिळतात, यंत्रावर बसतातही, तरी नाही. मार्बल कटरला लाकडाचं पान लावून फळ्या कापणारे सुतार बरेच आहेत. त्याला तळ असतो, पण गार्ड लाकडासाठीचा नसतो, वेगही जास्त असतो आणि त्याचं बटण दाबून सोडलं तरी चालूच राहतं. प्लायवूडसाठी सर्क्युलर सॉ घ्या, ज्याचा खालचा गार्ड आपोआप मिटतो. तो गार्ड तारेने बांधून ठेवू नका.

हातमोजे घालावेत का?

फिरणाऱ्या बिटाजवळ सैल, सुती, धागे सुटलेले हातमोजे नकोत. बिट धागा पकडतो आणि त्यामागोमाग बोट ओढतो. उभ्या स्टँडवरच्या ड्रिलला तर कोणतेच हातमोजे नकोत. ग्राइंडरवर ठिणग्या आणि धारदार कडा असतात, तिथे घट्ट बसणारे चामडी हातमोजे ठीक. ओढणी, साडीचा पदर, लांब मंगळसूत्र, गळ्यातली चेन, मोकळे केस, हातातला गंडा, सगळं आधी आवरा. चपला काढून बूट घाला.

नंबरचा चष्मा आहे, मग गॉगल कशाला?

नंबरचा चष्मा बाजूने उघडा असतो आणि वेगाने आलेला तुकडा अडवायला बनवलेला नसतो. चष्म्यावरून बसणारा गॉगल मिळतो. छतात भोक पाडताना तो नसेल तर भुकटी थेट डोळ्यात येते. भोकातली धूळ तोंडाने फुंकू नका, रबरी फुग्याने किंवा व्हॅक्यूमने काढा. ग्राइंडरसाठी गॉगलवर चेहरा झाकणारी काच लावा, नुसती काच पुरत नाही.

धुळीचं एवढं काय? रुमाल बांधला तर नाही चालत?

नाही चालत. काँक्रीट, ग्रॅनाइट आणि विटेच्या धुळीत सिलिका असते. तिचे सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि रुमालातून आरपार जातात. फुफ्फुसात गेले की तिथेच राहतात आणि वर्षानुवर्षांच्या कामाने सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. सरकारला कळवणं कायद्याने बंधनकारक असलेल्या आजारांत तो आहे, पण घरोघरी टाइल कापणाऱ्या माणसाची नोंद कोण ठेवतं?

आयएस ९४७३ची खूण असलेला, नाकावर घट्ट बसणारा मास्क लावा. दाढीवर तो नीट बसत नाही. टाइल-ग्रॅनाइट शक्यतो पाण्याचा नळ असलेल्या कटरने, गॅलरीत किंवा उघड्यावर कापा. कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतो. त्यावर ड्रिल किंवा ग्राइंडर अजिबात चालवू नका. भोक पाडावंच लागलं तर पत्रा ओला करून हाताच्या गिरमिटाने पाडा.

कानाला काही लावायला हवं का? आणि सोसायटीत काम कधी करावं?

अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसात ८ तास सोसता येतो, आणि दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे ९१ला २ तास आणि १००ला फक्त १५ मिनिटं. काँक्रीट फोडणारा रोटरी हॅमर ९०च्या वर सहज जातो. फोमचे बोळे स्वस्त मिळतात, खिशात ठेवा.

वेळेबद्दल: २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. सोसायटीची वेळ त्याहून आखूड असते, दुपारची विश्रांतीही बहुतेक ठिकाणी पाळतात. शेजारी तान्हं मूल, आजारी माणूस किंवा परीक्षेचा विद्यार्थी असेल तर आदल्या दिवशी दार वाजवून सांगा.

प्लास्टिकच्या खुर्चीवर उभं राहून एखादं भोक पाडलं तर?

नको. ड्रिलला दाब द्यायचा म्हणजे तुमचं वजन पायांखालून बाजूला सरकतं आणि खुर्चीचा पाय दुमडतो. घडीची शिडी पूर्ण उघडा, खाली कुणाला तरी धरायला उभं करा आणि सर्वांत वरच्या पायरीवर चढू नका.

बॅटरीच्या यंत्राला कोणती काळजी?

फुगलेली किंवा तडा गेलेली बॅटरी चार्ज करू नका. त्याच कंपनीचा चार्जर वापरा, उन्हात उभ्या गाडीत बॅटरी ठेवू नका आणि ती खिळ्या-स्क्रूंच्या डब्यात सुटी टाकू नका, टोकं जुळली की आग लागते.

मोटरमध्ये ठिणग्या दिसतात, जळका वास येतो. चालवू का?

मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणाऱ्या कार्बन ब्रशपाशी बारीक निळसर ठिणग्या दिसणं नेहमीचं आहे. मोठा पिवळा जाळ, धूर किंवा अडखळती गती दिसली की प्लग काढा. बहुतेक वेळा ब्रश झिजलेले असतात, ते जोडीनेच बदलायचे. तसंच चालवलं तर आर्मेचर, म्हणजे मोटरचा तो फिरता भाग, जळतं आणि खर्च कितीतरी पट वाढतो.

घरी आलेला मिस्त्री चष्मा-मास्क काहीच वापरत नाही. आपण काय म्हणणार?

म्हणायला हवं, आणि म्हणण्याआधी वस्तू हातात द्यायला हवी. “दादा, हा गॉगल आणि मास्क तुमच्यासाठी आणलाय, लावा आणि मग सुरू करा,” असं म्हटलं की सहसा कुणी नाही म्हणत नाही. दिवसाच्या मजुरीवरच्या माणसाला सुरक्षेचं सामान हा स्वतःच्या खिशातला खर्च वाटतो, त्यामुळे तो तुमच्या कामाच्या हिशोबात धरा. वायर-पाइप कुठून गेले आहेत हे त्याला माहीत नसतं, तुम्हाला असतं. ते भिंतीवर खडूने आखून द्या. आणि “लवकर उरका” म्हणू नका, घाईत सगळ्यात आधी गार्ड निघतो.

अपघात झालाच तर पहिल्या मिनिटात काय करायचं?

शॉक बसून माणूस चिकटला असेल तर त्याला हात लावू नका. मेन बंद करा. मेन सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर करा. श्वास चालत नसेल तर १०८ला फोन लावून छातीच्या मधोमध दाब द्यायला लागा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल. शुद्धीवर असेल, बरं वाटतंय म्हणाला, तरी डॉक्टरांकडून ईसीजी काढून घ्या.

डोळ्यात कण रुतला असेल तर चोळू नका, चिमट्याने काढू नका. दाब न देता वरून झाकण धरा आणि नेत्रतज्ज्ञाकडे न्या. नुसती भुकटी असेल तर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा.

बोट तुटलं तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरा. तुटलेलं बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं तर पेशी मरतात आणि जोडता येत नाही. निघतानाच फोन करून विचारा की तिथे बोट जोडणारे प्लास्टिक सर्जन आहेत का. नसतील तर ते जिथे आहेत त्या हॉस्पिटलचं नाव विचारून सरळ तिकडेच जा.